दोघांना सेवेला पाठवताना: खानदेशातल्या मंडळीसाठी निवड, अधिकारपत्र, वाट आणि परतीचा हिशेब

नवापूर, अक्कलकुवा, धडगाव किंवा यावल-रावेरच्या पट्ट्यातल्या पाड्यांवर मंडळीची, म्हणजे चर्चची, माणसं सुवार्ता सांगायला पाठवायची ठरली की वडीलवर्गाच्या, म्हणजे मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांच्या, बैठकीत पहिला विषय निघतो गाडीचा, दुसरा भत्त्याचा. दोन्ही विषय घ्यावेच लागतात. पण त्याआधी एक गोष्ट ठरली पाहिजे: जाणाऱ्याला कोणता अधिकार देतोय, किती दिवसांचा, कुठल्या हद्दीत, आणि परत आल्यावर तो कोणापुढे बसून हिशेब देणार? हे न ठरवता पाठवलेला माणूस वर्षभरात एक तर थकून घरी बसतो, नाहीतर त्याच पाड्यावर स्वतःची वेगळी मंडळी काढतो. मग सगळे त्याला नावं ठेवतात. चूक मात्र पाठवणाऱ्यांची असते.

शुभवर्तमानातला क्रम डोळ्यांपुढे ठेवा. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात येशूने बारा जण नेमले ते आधी त्याच्याबरोबर राहावेत म्हणून, आणि मग पाठवावेत म्हणून. प्रत्यक्ष पाठवलं सहाव्या अध्यायात. मधल्या काळात त्यांनी वादळ पाहिलं, गरसेकरांच्या प्रदेशातला भूतग्रस्त पाहिला, त्यांच्यातल्या तिघांनी याईराची मुलगी उठलेली पाहिली आणि अगदी शेवटी सगळ्यांनी नासरेथ पाहिलं. तिथे गावच्याच लोकांनी येशूला झिडकारलं. हा नकार बघून झाल्यावर लगेच बारांना जोडीजोडीने पाठवलं आहे. ज्याने फक्त भरलेल्या सभा पाहिल्यात आणि बंद दार पाहिलेलं नाही, त्याला एवढ्यात पाठवू नका.

हद्दीचंही तसंच. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात पहिल्या फेरीला परराष्ट्रीयांच्या वाटेने जायची आणि शोमरोन्यांच्या गावात शिरायची मनाई आहे. सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा पुनरुत्थानानंतरची, अठ्ठाविसाव्या अध्यायातली. म्हणून पहिल्या खेपेला एका जोडीला तालुका देऊ नका. दोन पाडे, फार तर तीन, तेही एकमेकांपासून पायी जाता येतील असे.

जोडी कशी लावायची

एकट्याला पाठवू नये. दोन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट खरी ठरते हा नियमशास्त्रातला जुना दंडक आहेच. शिवाय एक आजारी पडला तर दुसरा धावपळ करतो, एकाने वाढवून सांगितलं तर दुसरा समोर असतो, आणि कोणी खोटा आळ घेतला तर एक तरी माणूस पाहिलेलं सांगू शकतो.

जोडीत एकाला तरी तिथली बोली आली पाहिजे. नवापूरकडे मावची, धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली आणि पावरी, शिंदखेडा-अमळनेरला अहिराणी, यावल-रावेरला लेवा. फक्त प्रमाण मराठी बोलणारे दोघे पावरी वस्तीत गेले की पोरं ऐकतात, बाया चुलीपाशीच राहतात आणि म्हातारी माणसं मान डोलवून उठून जातात. दोघांमध्ये एक मुरलेला आणि एक नवखा असावा. मात्र बाप आणि मुलगा, मालक आणि मजूर, पाळक आणि त्याच्या उपकाराखालचा माणूस अशी जोडी लावू नका. धाकट्याला 'हे चुकतंय' म्हणता आलं नाही, तर जोडीचा उपयोगच काय? नवरा-बायको चालतील, दोन बहिणी चालतील. लग्नाचं नातं नसलेले स्त्री-पुरुष एका वाटेला नकोत, मग ते कितीही विश्वासू असोत.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोन सूचना आहेत. नवशिक्याला पुढे करू नका, नाहीतर तो गर्वाने फुगेल. आणि कोणावर घाईने हात ठेवू नका, म्हणजे सेवेसाठी नेमू नका. ते पत्र अध्यक्षांविषयी आणि वडिलांविषयी बोलतं हे खरं, पण पाठवतानाही तीच कसोटी लावावी. बाप्तिस्म्यानंतर निदान एक वर्ष माणूस नजरेखाली राहू द्या. निवडीआधी चौघांना विचारा: त्याच्या बायकोला (बाई असेल तर नवऱ्याला), एखाद्या वडिलाला, ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्याला आणि ज्याच्याकडे त्याची उधारी चालते त्या किराणा दुकानदाराला. दुकानदाराचं उत्तर बहुधा सर्वांत उपयोगी पडतं. ज्यांचं देणं आहे त्यांना चुकवण्यासाठी कोणी सेवेला निघतो का, हे त्यालाच आधी कळतं. घरात भांडण पेटलेलं असेल तर आधी ते विझू द्या. आणि जो स्वतः येऊन तीन-तीनदा 'मला पास्टर म्हणून पाठवा' म्हणतो, त्याला सध्या चटया अंथरायला आणि आजाऱ्यांना डबे पोचवायला सांगा. महिना-दोन महिन्यांत काय ते दिसतं.

अधिकारपत्र

एक पान पुरे. त्यात दोघांची नावं, पाड्यांची नावं, कधीपासून कधीपर्यंत, आणि दोन परिच्छेद: काय करायचं, काय करायचं नाही.

करायचं ते थोडं: भेटी घेणं, सुवार्ता सांगणं, बोलावतील तिथे आजाऱ्यासाठी प्रार्थना, विश्वासी कुटुंबांना वचन शिकवणं, आणि परत येऊन सांगणं. करायचं नाही ते सविस्तर लिहा, कारण गाडी घसरते ती तिथेच. पाळकाला विचारल्याशिवाय बाप्तिस्मा देणार नाही. दानार्पण गोळा करणार नाही. नोकरी, वसतिगृहातला प्रवेश, दवाखान्यातली सूट, लग्नाचं स्थळ, कशाचंही आश्वासन देणार नाही. भावकीच्या किंवा जमिनीच्या भांडणात पंच म्हणून बसणार नाही. कोणाचं औषध बंद करणार नाही. कोणावर करणी-चेटकाचा ठपका ठेवणार नाही. खाली पाळकाची आणि दोन वडिलांची सही, आणि अडचणीत फोन कोणाला करायचा ते.

प्रती तीन: एक जोडीकडे, एक दप्तरात, एक त्या भागात आधीपासून असलेल्या मंडळीच्या पाळकाकडे. ही तिसरी प्रत विसरू नका. खानदेशात अलायन्स मिशनच्या परंपरेतल्या जुन्या मंडळ्या आहेत, त्यांच्या शेजारी नंतर उभ्या राहिलेल्या अनेक आहेत, आणि न सांगता आलेला पाहुणा मेंढरं चोरायला आला असंच समजलं जातं. दुसऱ्याच्या पायावर इमारत बांधायची नाही, हे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःपुरतं ठरवलं होतं. तोच नियम इथेही बरा.

पत्राला मुदत हवीच. ते एस.टी.च्या पाससारखं असतं: तारीख उलटली की कंडक्टर ओळखीचा असला तरी चालत नाही. पहिल्या खेपेला तीन दिवस, नंतरच्या खेपांना आठवडा. तहहयात अधिकारपत्र कोणालाही देऊ नका.

हात ठेवून पाठवणं

प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीत पाच संदेष्टे आणि शिक्षक नावानिशी आहेत. त्यांतले दोघे, बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल), मंडळीतली भक्कम माणसं, पाठवली गेली. आपल्याकडे ज्याच्यावाचून काही अडत नाही त्याला पाठवायची रीत पडली आहे. ती मोडावी.

तिथे हात ठेवण्याआधी उपवास आणि प्रार्थना आहे. शनिवारी संध्याकाळपासून रविवारच्या उपासनेपर्यंत उपवास ठेवला तरी पुरे. पाणी मात्र चालू ठेवा. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि अंगातलं पाणी कमी झालं की त्यांना असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. मधुमेही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी उपवास न करता प्रार्थनेत बसावं. त्यांचा विश्वास कमी आहे असं कोणी बोललं, तर पाळकाने तिथल्या तिथे थांबवावं.

उपासनेत संदेशानंतर दोघांना पुढे बोलवा, तोंड मंडळीकडे. एका वडिलाने अधिकारपत्र मोठ्याने वाचावं, 'करायचं नाही' या भागासकट. हे वाचन टाळायचा मोह होतो, पण मंडळीने ऐकलेलं नसेल तर पुढे मर्यादा मोडल्याचं कोणाच्या लक्षात येणार? मग दोघे गुडघे टेकतील. पाळक, दोन वडील आणि घरचं एक माणूस (आई, बायको, मोठा भाऊ) असे चौघे हात ठेवतील. तळवा खांद्यावर किंवा डोक्यावर हलका टेकवायचा. दाबायचं नाही, ढकलायचं नाही. प्रार्थना तीन-चार मिनिटांची, नावं घेऊन, पाड्यांची नावं घेऊन. लोक पडले म्हणजे सामर्थ्य उतरलं, असा हिशेब त्या अध्यायात कुठेही नाही. हार, शाल, फ्लेक्स यांची तर मुळीच गरज नाही.

त्यानंतर मंडळीची बाजू: जोडी बाहेर असेपर्यंत त्यांच्या घरी कोण डोकावणार, कापसाला पाणी द्यायची पाळी आली तर मोटर कोण चालू करणार, हे नाव घेऊन ठरवा. 'सगळे बघतील' म्हणजे कोणीच बघत नाही.

हंगाम आणि सामान

दिवाळीच्या सुमारास नंदुरबारच्या पाड्यांतली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जायला लागतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि लहान पोरं. त्या दिवसांत भेटी घ्या, पण मोठी सभा ठरवू नका. होळीच्या आधीचा आठवडा भोंगऱ्या बाजाराचा; सातपुड्यात तेव्हा कोणालाही वेळ नसतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे सगळे मोहफुलं वेचायला जातात, म्हणून भेटी संध्याकाळी. मे महिन्यात अकरा ते चार वाटेवर राहू नका. पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. पावसाळ्यात आधी फोन करून नाल्यांना पाणी किती ते विचारा.

सामानाबद्दल मार्क काठी आणि वहाणा चालतील म्हणतो, मत्तय आणि लूक काठीही नको म्हणतात. दोन्हींचा रोख एकच: जाणाऱ्याने यजमानावर आणि देवावर अवलंबून राहायला शिकावं. पण लूकच्या बाविसाव्या अध्यायात तोच येशू शिष्यांना आता पिशवी आणि झोळी बरोबर घ्या असंही सांगतो, हे विसरून 'आम्ही एक रुपया न घेता निघालो' अशी फुशारकी नको. माणशी एक बदलीचा जोड, दोन लिटर पाणी, ओआरएसच्या चार पुड्या, स्वतःची औषधं, बॅटरी, पवित्र शास्त्र, गीतांचं पुस्तक. दोघांत एक पॉवर बँक, कारण सातपुड्यात रेंज शोधता शोधता फोन उतरतो. परतीचं भाडं आणि रात्री एक जीप करावी लागली तर तेवढे पैसे वेगळ्या खिशात ठेवा. त्यातून उसने द्यायचे नाहीत.

कपडे, वह्या, तेल-साखर वाटायला नेऊ नका. पहिल्याच दिवशी रांग लागते, दुसऱ्या दिवशी नाव कोणाचं राहिलं त्यावरून भांडण होतं, आणि तिसऱ्या दिवशी 'आमिष दाखवून धर्म बदलतात' हा आरोप येतो. मदत करायचीच तर वेगळ्या वेळी, वेगळ्या माणसांच्या हातून, धर्म न विचारता करा.

पाड्यावर

पोचल्यावर आधी पोलीस पाटील किंवा कारभाऱ्याला भेटा, नावं सांगा, किती दिवस आहोत ते सांगा. मग घर. लूकच्या दहाव्या अध्यायात आधी 'या घराला शांती असो' म्हणायचं आहे, शिकवण नंतर. अंगणाच्या कडेला थांबून हाक मारा. आत फक्त बाया असतील तर ओट्यावरही बसू नका. संध्याकाळी येतो म्हणून पुढे जा. घरधन्याने खाट टाकली की बसा आणि बसल्या बसल्या आपणच पाणी मागा. यात एक युक्ती आहे. तांब्या आला, पाणी प्यालं की पाहुणचार सुरू झाला. मग मोहाची दारू आली तर 'पाणी झालं ना, बस' म्हणून हात जोडता येतात आणि घरधन्याचा अपमान होत नाही.

ज्या घरी पहिल्यांदा थारा मिळाला तिथेच राहा. दुसऱ्या दिवशी पक्क्या घराचं, पंख्याचं बोलावणं येतं. जेवायला जा, मुक्काम हलवू नका. घरोघर हिंडू नका ही सूचना यासाठीच आहे. पानात मक्याची भाकर आणि उडदाची डाळ येईल ती खा, मिरची लागली तरी. मात्र गरिबाच्या घरी दोन तोंडं तीन दिवसांपेक्षा जास्त नकोत. काम करणारा अन्नाला योग्य आहे हे खरं, पण कोणावर भार होऊ नये म्हणून पौल रात्रंदिवस हातांनी राबला, हेही त्याच्याच पत्रांत आहे. जोडीने शेंगा फोडायला, लाकडं आणायला हात लावावा.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना आधी विचारा: काय होतंय, कधीपासून, दवाखान्यात दाखवलं का? प्रार्थना मिनिट-दोन मिनिटांची, घरच्यांच्या बोलीत, साध्या आवाजात. दोन दिवसांहून जुना ताप, अंगावर न पिणारं बाळ, कळा आलेली बाई, साप किंवा विंचू चावलेला माणूस: आधी १०८ ला फोन, मग प्रार्थना, आणि ती गाडीत बसून. नवापूरच्या बाजूला असाल तर चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय जवळ आहे. सापा-विंचवांवर पाय देण्याचा जो अधिकार लूकमध्ये आहे, तो दंश झालेल्याला घरी बसवून ठेवण्याचा अधिकार नव्हे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवलं आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणंही त्यातच येतं.

अशुद्ध आत्म्याची बाधा म्हणून कोणाला पुढे आणलं तर सर्वांत जास्त जपून राहा. मार्कच्या नवव्या अध्यायात शिष्यांना जमलं नाही, तेव्हा येशूने मुलाच्या बापाला आधी विचारलं: हे याला कधीपासून होतं? तोच प्रश्न विचारा. फिट येत असतील तर डॉक्टर दाखवायला सांगा, औषध आणि प्रार्थना बरोबरीने चालू द्या. गर्दी हटवा, घरचं एक माणूस जवळ ठेवा; बाई असेल तर बाईनेच जवळ बसावं. अंगाला झोंबायचं नाही, केस धरायचे नाहीत, ओरडायचं नाही. आणि 'तुला कोणी पाठवलं?' हा प्रश्न कधीही विचारू नका. त्या अवस्थेत तोंडातून जे नाव निघेल ते पाड्यावरच्या एखाद्या विधवेचं असतं, आणि तुम्ही उतरून गेल्यावर तिला डाकीण म्हणून मारतात. प्रेषितांच्या कृत्यांत स्किवा नावाच्या याजकाच्या सात मुलांनी भूत काढायला येशूचं नुसतं पाठ केलेलं नाव वापरून पाहिलं आणि ते उघडेवाघडे पळाले. इथे जखमी होणारी तिसरीच कोणी असते.

प्रार्थनेनंतर कोणी पाय बांधलेली कोंबडी किंवा पन्नासाची नोट पुढे करेल. घेऊ नका. फुकट मिळालं, फुकट द्यायचं. आज कोंबडी घेतली तर उद्या ज्याच्याकडे कोंबडी नाही तो बोलावणारच नाही.

निघून जा म्हणाले तर निघा. वाद नको, मोबाइलवर चित्रण नको. यजमानाचे आभार मानून उजेड असताना रस्त्याला लागा आणि ठरलेल्या माणसाला फोन करा. अंगावर हात पडला तर पोलिसांत जायचं की नाही, ते वडीलवर्ग ठरवील. न स्वीकारणाऱ्या गावातून निघताना पायांची धूळ झटका असं येशूने सांगितलं आहे, पण ते म्हणजे शाप देणं नव्हे. शोमरोन्यांच्या गावावर अग्नी पाडू का असं विचारणाऱ्या याकोब-योहानाला येशूने दटावलं होतं.

परतल्यावर

बारा जण परतले, केलेलं आणि शिकवलेलं सगळं त्यांनी येशूला सांगितलं आणि त्याने त्यांना विसाव्याला नेलं. म्हणून पहिली रात्र झोपेची. दुसऱ्या दिवशी बैठक. तीन दिवसांपलीकडे लांबली तर आठवणीत रंग भरले जातात. पाळक आणि सही करणारे दोन वडील, सगळी मिळून तासभर. आधी प्रत्येकाशी वेगवेगळं पंधरा मिनिटं, मग दोघांना एकत्र. दोघांचं सांगणं जुळत नसेल तर ते इथेच कळतं.

'किती जण आले' हा प्रश्न पहिला नको. जिथे आकडा विचारतात तिथे पुढच्या वेळी आकडाच आणला जातो. विचारा: काय शिकवलं? कुठल्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही? कोणत्या मर्यादेपाशी पाय घसरत होता? पैसे किती उरले? लूकमधले सत्तर जण भुते आम्हांला वश होतात म्हणून आनंदाने परतले. त्यांना येशूने सांगितलं: त्याचा आनंद करू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा करा. ज्या जोडीला काहीच 'घडलं' नाही, तिला हे वचन आवर्जून वाचून दाखवा.

रविवारी साक्ष माणशी पाच मिनिटं. बरं झाल्याची साक्ष महिनाभर थांबवा, मग त्या माणसाला विचारूनच सांगा. आजाऱ्याचा, यजमानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. तुम्ही इथे टाकलेला फोटो दोन तासांत त्याच्या सोयऱ्यांकडे पोचतो आणि त्रास त्याला होतो.

चार आठवड्यांनी तीच जोडी, त्याच पाड्यांवर, नव्या तारखेच्या पत्रासह. तीन खेपांनंतर जोडी बदलायची का ते बघा. मार्काला बरोबर न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा वेगळे झाले, आणि दोन जोड्या वेगवेगळ्या वाटांनी गेल्या. बेबनाव झाला म्हणजे दोघेही वाया गेले असं नाही. मुदत संपलेल्या पत्रावर कोणी काम चालूच ठेवत असेल तर पहिल्यांदा एका वडिलाने एकट्याने जाऊन बोलावं. ऐकलं नाही तर आणखी एक-दोघांना घेऊन, आणि तरीही नाही तर मंडळीपुढे. त्या पाड्यावरच्या पाळकालाही त्याच दिवशी कळवा. तिसरी प्रत त्याच्याकडे आहेच.